उलट्या संगणकावरची मुलाखत

आमच्या घरातला संगणक, म्हणजे लॅपटॉप, कपडे वाळवायच्या स्टँडवर उलटा टांगला गेला, त्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो. या प्रकरणाच्या ज्या हकिगती आमच्या इमारतीत फिरल्या, त्यांतली एकही खरी नाही. वरच्या मजल्यावर सांगतात की मी तो रागाच्या भरात टांगला. तळमजल्यावर सांगतात की मी तो आधी धुतला आणि मग वाळत घातला. मी नोकरीभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासून, छाटून छापायला सोडल्या आहेत. माझ्याच घरातली बातमी इतकी चुकीची फिरावी याचा मला धक्का बसला. अर्थात त्या आठवड्यातल्या धक्क्यांत हा अगदीच किरकोळ.

माझी बायको महाविद्यालयात दुय्यम ग्रंथपाल आहे. मुख्य ग्रंथपाल निवृत्त झाले. ते निवृत्त झाले हे त्यांच्याही लवकर लक्षात आलं नाही, कारण काम आधीपासून बायकोच करत होती. आता त्या जागेसाठी गुरुवारी तिची मुलाखत होती. ही संधी गेली की बाहेरून कोणीतरी येऊन त्या खुर्चीत बसणार आणि त्याचंही काम ती निवृत्त होईपर्यंत करत राहणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. निवड समितीचे सदस्य वेगवेगळ्या गावी, म्हणून मुलाखत संगणकावरून. त्याचे नियम आले होते. उमेदवाराने आधी चाचणी देऊन नोंदवलेलाच संगणक वापरावा. कॅमेरा त्या संगणकातलाच असावा, बाहेरून जोडलेला नसावा. फोन चालणार नाही. खोलीत दुसरी व्यक्ती नसावी.

बायकोने आदल्या आठवड्यात आमच्या संगणकावरून चाचणी दिली. ती उत्तम झाली.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, असं आता सगळेच म्हणतात. पण आमचा संगणक अतिशय सावकाश चालायचा. बटण दाबून मी दाढी करून येत असे, तरी पडद्यावर ते चाक फिरतच असे. ऐन मुलाखतीत ते चाक फिरायला लागलं तर? या काळजीपोटी मी रविवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना, तो सुधारायला घेतला.

कल्पना मूळची माझ्या मेहुण्याची. तो विमा कार्यालयात नोकरीला आहे. पण विम्यावर तो कधी बोलत नाही, संगणकावर बोलतो. "भाऊजी, ती मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम टाका," असं तो कित्येक महिने सांगत होता. "जगभरची माणसं मिळून बनवतात, कोणाच्या मालकीची नाही, फुकट आहे, आणि पळते अशी की धरून ठेवावी लागते." धरून ठेवण्याबद्दलचं त्याचं हे वाक्य इतकं शब्दशः खरं ठरेल याची त्यालाही कल्पना नसावी.

त्या मंडळींच्या संकेतस्थळावर दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, स्थिर आवृत्ती. तिची तारीख बरीच जुनी. दुसऱ्यावर लिहिलं होतं, चाचणी आवृत्ती. ती कालचीच. आता आमच्या धंद्यात पहिली आवृत्ती बाहेरगावी जाते. ती घाईत निघते आणि तिच्यात आमदाराच्या फोटोखाली बैलाचं नाव असू शकतं. मग चुका सापडत जातात आणि सगळ्यांत शेवटी निघते ती शहर आवृत्ती सर्वांत निर्दोष असते. नवी आवृत्ती असताना ती सोडून जुनी कोण वाचेल? मी बिनदिक्कत चाचणी आवृत्ती घेतली. तिच्या खाली बारीक अक्षरांत काही इशारा होता, तो मी वाचला नाही. बारीक अक्षरं मी पगार घेऊन वाचतो. रविवारी वाचत नाही. मेहुण्याला फोन करून विचारता आलं असतं हे खरं. पण मेहुण्याला विचारण्याची वेळ आपल्यावर यावी, हे कोणत्या भाऊजींना आवडतं?

मध्येच संगणकाने विचारलं, आधीचं सगळं पुसून टाकायचं का? डेस्कवर जागा करण्यासाठी मी रोज मोठमोठ्यांची भाषणं पुसतो. 'होय' म्हटलं.

बायको पिशव्या घेऊन आली तेव्हा संगणक डोळ्याचं पातं लवण्याच्या आत सुरू होत होता. मी तो तिच्यासमोर चार वेळा सुरू करून दाखवला.

"अहो, माझी मुलाखत गुरुवारी आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तर!"

तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि कॅमेरा चालू केला. पडद्यावर आमची खोली आली. पंखा जमिनीतून उगवला होता. छतावर सोफा होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझी बायको वटवाघळासारखी लोंबत माझ्याकडे बघत होती. मी तिला अनेक प्रकारे रागावलेली पाहिली आहे. पण उलट्या चेहऱ्यावर राग हसल्यासारखा दिसतो आणि तो जास्त भयंकर असतो.

आई मागून डोकावली. "अगं बाई," ती म्हणाली, "पण हिचे केस खाली कसे पडत नाहीत?"

"पुसलं म्हणजे काय काय पुसलं?" बायकोने विचारलं.

मी सांगितलं. मुलाखतीची तिची सगळी टिपणं त्यातच होती, हे मला तेव्हाच आठवलं.

"माझ्याकडे दुसरी प्रत आहे," ती म्हणाली. "जिची एकच प्रत आहे अशी वस्तू मी तुमच्या हाताशी ठेवत नाही. पण कॅमेऱ्याची दुसरी प्रत कुठून आणू? अहो, नवीन पुस्तक आलं तरी आम्ही आधी ते चाळून बघतो, शिक्का मारतो, मगच वाचकाच्या हातात देतो. आणि तुम्ही मुलाखतीच्या आठवड्यात..."

"आमच्याकडे शेवटची आवृत्तीच सर्वांत..."

"तुमच्याकडे चुकलं तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा छापता. माझ्या मुलाखतीचा खुलासा कुठे छापणार आहात?"

मी बाजाराच्या पिशव्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या.

मेहुणा संध्याकाळी आला. आल्या आल्या सोफ्यावर आडवा होऊन आधी पोटभर हसला. "चाचणी आवृत्ती?" तो म्हणाला. "भाऊजी, ती मोडते कुठे ते बघायला काढलेली असते! ज्यांना काही काम नाही ती माणसं घेतात ती."

मग त्याने अस्तन्या सावरून स्थिर आवृत्ती घातली. तिच्यात कॅमेरा उलटा दिसेना. दिसेचना. आमच्या संगणकात कॅमेरा आहे हेच तिला मान्य नव्हतं. जुनी सिस्टिम परत घालावी तर दुकानदार म्हणाला, ठेवून जा, शनिवारी देतो. म्हणजे निवड अशी होती की समितीला बायको उलटी दाखवायची, नाहीतर दाखवायचीच नाही. मेहुण्याने चाचणी आवृत्ती पुन्हा घातली आणि "ताई, काळजी करू नकोस" असं म्हणून तो जेवून गेला.

सोमवारी मी निवड कार्यालयाला फोन केला.

"संगणक बदलायचाय? अर्ज करा," तिकडचे गृहस्थ म्हणाले. "त्यावर नोंदणी अधिकाऱ्यांची सही लागेल."

"अधिकारी आहेत का?"

"रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"मुलाखती आटोपल्या की येतील. मुलाखतींचा फार ताण होतो त्यांना."

तेव्हा उरला एकच मार्ग. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडेच दाद मागायची. चाचणी आवृत्तीतल्या चुका कळवण्यासाठी त्या मंडळींनी एक तक्रार खिडकी ठेवली आहे. तिथे मी रीतसर बातमी लिहिली. काय, कुठे, कधी, कोणाला, कसं, सगळं पहिल्या परिच्छेदात. वर मथळा दिला, 'कॅमेऱ्यात गृहिणी उलटी. कुटुंबात चिंतेचं वातावरण'.

उत्तर देणाऱ्याने नावाच्या जागी घुबडाचं चित्र लावलं होतं. तो पुरुष आहे की बाई, कोणत्या देशात असतो, झोपतो की नाही, काही कळायला मार्ग नाही. घुबडाने लिहिलं, 'मथळ्यात भावना नकोत.' मी मथळा बदलला. मग घुबडाने लिहिलं, 'अशी तक्रार आधीच आली आहे, म्हणून ही बंद.' मी ती आधीची तक्रार शोधून उघडली. तिच्याखाली लिहिलं होतं, 'पुरेशी माहिती नाही, म्हणून बंद.' मी जगातली बरीच सरकारी कार्यालयं आतून पाहिली आहेत. फुकट काम करणारी माणसं पगारी माणसांइतका चोख कारभार करू शकतात, हे पाहून मी थक्क झालो.

मी पुन्हा लिहिलं. यावेळी घुबडाने विचारलं, 'संगणक उलटा धरल्यावर चित्र सुलट दिसतं का?'

हा माझा अपमान होता. माझ्या मथळ्यांनी एकदा मंत्रिमंडळाची बैठक लांबवली आहे. मी लिहिलं, 'आपण थट्टा करत आहात काय?' घुबडाने लिहिलं, 'नाही. कृपया तपासून कळवा.' मी इकडेतिकडे पाहिलं, संगणक उलटा धरला, आणि कळवलं, 'दिसतं.' घुबडाने लिहिलं, 'चूक मान्य. दुरुस्ती शुक्रवारच्या आवृत्तीत.'

"शुक्रवारी!" मी ओरडलो.

"मग मुलाखत शुक्रवारी नाही का ठेवता येणार?" आईने विचारलं. तिच्या मते मी वर्तमानपत्रात असल्यामुळे वार माझ्या हातात असतात.

मी घुबडाला गुरुवारची गोष्ट सांगितली. भावना न घालता सांगितली, पण घुबडाला पाझर फुटला असावा. त्याने एक ओळ पाठवली आणि लिहिलं, 'ही चालवून पाहा.' मी अक्षर न् अक्षर ताडून ती टंकली. प्रूफ मी असं कधी तपासलं नसेल. बटण दाबलं. कॅमेरा होता तसा उलटाच राहिला. मात्र आता संगणकाचा पडदाही उलटा झाला. अक्षरं उलटी, घड्याळ उलटं; बाण उजवीकडे न्यावा तर डावीकडे जाई. मी मान वाकडी करकरून घुबडाला कळवलं. उत्तर आलं. ते वाचायला मला सोफ्यावर पाय वर करून झोपावं लागलं. 'ती ओळ पडद्याची होती, कॅमेऱ्याची नव्हे. माहितीबद्दल आभार.'

मी त्या अवस्थेत असतानाच वरच्या मजल्यावरचे बॉयलरकाका आले. एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला आणि निवृत्तीनंतर आमची इमारत सांभाळतात. सोमवारीच त्यांनी निदान केलं होतं की संगणकाने ओल धरली आहे, उन्हात ठेवा. एक दिवस आम्ही तो ठेवलाही होता. तळमजल्यावरच्या हकिगतीचा उगम तिथेच असावा.

"संपादकसाहेब, हे काय आसन?" काका म्हणाले. मी संपादक नाही, पण काका ऐकत नाहीत.

मी सगळं सांगितलं. काकांनी मान आधी एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्या. "म्हणजे कॅमेरा उलटा, पडदाही उलटा," ते म्हणाले. "सगळंच उलटं आहे ना? मग भानगड काय आहे?" आणि त्यांनी संगणक उचलून सरळ उलटा केला.

पडद्यावर बायको सुलट होती. अक्षरं सुलट. पंखा छताला. फक्त कळफलक तेवढा वरच्या बाजूला, दुकानाच्या छपरासारखा पुढे आलेला.

मग बायको म्हणाली, "हात लावू नका. कोणीही आता कशालाही हात लावू नका."

बुधवार तो ठेवायचा कशावर यात गेला. मी जाड पुस्तकांचे दोन ढीग सुचवले. बायको म्हणाली की ज्या बाईने संगणक पुस्तकांवर टांगला तिला ग्रंथपाल कोण करील? अखेर काकांनी त्यांच्याकडचा कपडे वाळवायचा, चाकं असलेला स्टँड आणला. कळफलक दोन दांड्यांवर टेकला, पडदा मधून खाली सोडला. पण बिजागरी सैल; पडदा लोंबकळून मिटायला बघे. तो मागून कोणीतरी धरून उभं राहणं भाग होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि खोलीत दुसरी व्यक्ती नसावी, त्याचं काय?" मी म्हणालो.

"मी सुरुवातीलाच त्यांना खरं सांगून टाकणार आहे," बायको म्हणाली. "लपवाछपवी करायची नाही."

गुरुवारी आईला आणि काकांना बाहेर बसवून दार लावलं. बायको खुर्चीत, समोर छपराचा संगणक, त्यामागे मी, दोन्ही हातांनी पडदा धरून. कार्यालयाला कधी घालत नाही तो शर्ट घातला होता, का ते सांगता येणार नाही. समिती पडद्यावर आली. मला फक्त आवाज येत होते. एक आवाज अध्यक्षबाईंचा, शांत. एक अगदी कोरडा, प्रत्येक वाक्य 'नियमानुसार' असं सुरू करणारा.

"नमस्कार," बायको म्हणाली. "सुरू करण्याआधी मला एक सांगायचं..."

"नियमानुसार आधी खोली दाखवावी लागेल," कोरडा आवाज म्हणाला. "संगणक पूर्ण फिरवून दाखवा. मधे बोलू नका."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग मी स्टँड फिरवू लागलो. पडदा फिरेल तसा मी त्याच्या मागे मागे, पावलं न वाजवता, सरकत होतो. सोफा दाखवला. दार दाखवलं. खिडकी दाखवली. कॅमेऱ्याची पाठ मी एकदाही सोडली नाही. लपायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मधे बोलायचं नव्हतं, आणि पडदा सोडायचाही नव्हता. जवळजवळ पूर्ण फेरा झाला तेव्हा माझ्या मनात असंही येऊन गेलं की हे काम मी फार चांगलं करतो आहे.

आणि मग कपाटाचा आरसा आला.

आरशात मी होतो. ठेवणीतला शर्ट, घामाने ओला, वाळत घालायच्या स्टँडला मिठी मारलेला, हातांत उलटा संगणक. समितीला जे दिसलं तेच मला दिसलं, आणि आम्हा सर्वांना एकदमच धक्का बसला.

"हे," कोरडा आवाज म्हणाला, "कोण आहेत?"

बायकोचा आवाज जराही हलला नाही. "हे माझे यजमान. आज ते टेबलाचं काम करतायत."

मग तिने सगळं सांगितलं. चाचणी आवृत्ती, कॅमेरा, पडदा, रजेवरचे अधिकारी, शुक्रवारची दुरुस्ती. एका वाक्यानेही तिने मला वाचवलं नाही आणि एका वाक्यानेही जास्त बुडवलं नाही. डेस्कवर मला असा एक वार्ताहर कधी मिळाला नाही.

"नियमानुसार दुसरी व्यक्ती असेल तर उमेदवारी रद्द होते," कोरडा आवाज म्हणाला.

"हे बाजूला झाले तर संगणक पडेल," बायको म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करते."

रद्द. तिची सगळी वर्षं, आणि एका रविवारचा माझा उत्साह. आता पडदा हलला तर तिची मान हलल्यासारखी दिसेल, म्हणून मी कोपरं पोटाशी घट्ट दाबून धरली.

"नियम कशासाठी आहे?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "मागून कोणी उत्तरं सांगू नयेत म्हणून ना? बाई, तुमचे यजमान तुम्हाला उत्तरं सांगू शकतील?"

"लग्न झाल्यापासून तरी एकाही प्रश्नाचं उपयोगी उत्तर मला त्यांच्याकडून मिळालेलं नाही," बायको म्हणाली.

पलीकडे कोणीतरी खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता.

"मग टेबलाची हरकत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त टेबलाने बोलायचं नाही. बोललं की मुलाखत संपली."

मुलाखत चालली. किती वेळ, ते माझ्या दंडांना विचारा. तो कोरडा गृहस्थ आमच्याच वर्तमानपत्राचं नाव घेऊन म्हणाला की जुने अंक जपून काय उपयोग, त्यांत तर चुकाच असतात. माझ्या ओठांपर्यंत खुलासा आला. मी तो गिळला. टेबलं काय काय गिळत असतील याची त्या दिवशी मला कल्पना आली.

"शेवटचा प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आमच्या ग्रंथालयातले सगळे संगणक बदलून तीच मुक्तस्रोत सिस्टिम घालावी, असा प्रस्ताव आहे. तुमचं मत?"

संगणकाच्या मागे मी डोळे मिटले.

"घालावी," बायको म्हणाली. मला इतका धक्का बसला की पडदा बोटभर खाली गेला. "वस्तू चांगली आहे. चूक दाखवली तर मान्य करतात, आणि दुरुस्तीचा वार सांगतात. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पण स्थिर आवृत्ती घ्यावी. एका संगणकावर घालून, सगळं चालतंय ना ते पाहून, शिक्का मारून, मगच वाचकांसमोर ठेवावी. आणि ते काम ग्रंथपालाने करावं. घरच्यांना करू देऊ नये."

दुरुस्ती शुक्रवारी खरोखरच आली. कॅमेरा सुलट झाला. पडदा उलटाच राहिला. त्याबद्दलची तक्रार मी घुबडाकडे नोंदवली आहे; मथळ्यात भावना नाहीत. संगणकावर बायकोने ग्रंथालयातून आणून एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'फक्त येथेच बसून वाचण्यासाठी. हाताळू नये.' दोन्ही दंडांना मलम चोळून मी आठवडाभर कार्यालयात गेलो, आणि विचारणाऱ्यांना पोहायला लागलोय असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा बायकोचा फोन वाजला. तिचे हात भरलेले होते, म्हणून तिने कोपराने आवाज मोठा केला. अध्यक्षबाई होत्या.

"अभिनंदन. एकमताने निवड झाली. पहिल्या तारखेला रुजू व्हा."

आईने हात जोडले. मी उठलो, पण काय करायचं ते न सुचून परत बसलो. बायकोने हातातला घास परत ताटात ठेवला. मला वाटतं, त्या सबंध प्रकरणात तिला बसलेला खराखुरा धक्का तो एवढाच.

"आणि एक," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमच्या खोलीत आम्ही चांगलं लाकडी टेबल ठेवलंय. घरचं आणायची गरज नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"नाही आणणार," ती फोनमध्ये म्हणाली. "ते घरीच बरं आहे. सवयीचं झालंय."